दादाच्या लग्नाची सीडी

ओरखडे पडलेल्या सीड्या मी घरीच दुरुस्त करायचो. पांढरी टूथपेस्ट, जुन्या बनियनचा तुकडा, आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ घासायचं. गोल घासलं की संपलं. आमच्या इंझोरी गावात लोक म्हणायचे, "याच्या हाती द्या, मेलेली सीडी गाते." मला ते ऐकायला आवडायचं.

दादा गेला तेव्हा पुतणी रांगत होती. वहिनीने लग्नाची सीडी आणून दिली. चालता-बोलता दादा तेवढ्या एका सीडीत होता. खालची चकाकती बाजू मी घासून साफ केली, तरी ती अडकत होती. वरून फोटोवाल्याने नवरा-नवरीचा कागदी स्टिकर लावला होता. त्याच्यामुळेच सीडी डगमगते असं वाटून मी तो नखाने उचलला. कागदाबरोबर चंदेरी पापुद्राही निघाला. चित्र त्या पापुद्र्यातच असतं. हातात उरलं आरपार दिसणारं प्लास्टिक.

दुसऱ्या दिवशी वहिनी आली.

"झाली का भाऊजी?"

"घासून राह्यलो. टाइम लागते."

हेच मी अठरा वर्षं सांगत आलो. तिला कधी संशय आला नाही, हेच वाईट. मालेगावला गेली की माझ्यासाठी पेस्ट आणायची. "एवढ्या पेस्टमंदी हत्तीचे दात चमकले असते, भाऊजी!" म्हणून हसायची. तिची चाहूल लागली की मी मागच्या दाराने वावरात निघून जायचो. पण जाऊन जाणार कुठे? दोन घरांत भिंत एकच. तिकडे ती खोकली तरी इकडे मला ऐकू येतं.

यंदा पुतणीचं लग्न ठरलं. वहिनी म्हणाली, "मांडवात टीव्ही लावू. पोरीनं बापाले चालताना पाह्यलंच नाही."

मग मी ते प्लास्टिक आणि स्टिकर तिच्यापुढे ठेवलं. सगळं सांगितलं. तिने स्टिकर उलटून पाहिला. पापुद्रा त्यालाच चिकटून होता.

"तवाच काहून नाही सांगतलं?"

"लाज वाटली."

"तवा फोटोवाल्याच्या कम्प्युटरात लग्नाचं शूटिंग असंन ना?"

इथेही खोटं बोलता आलं असतं. फोटोवाल्याचं दुकान कधीच बंद झालं, कम्प्युटर भंगारात गेला. विचारायला कोण जाणार होतं?

"व्हतं," मी म्हणालो. "सहा-सात वर्षं व्हतं. मले मालूम व्हतं. पण त्याले मागतलं असतं तर गावात समजलं असतं, का सीडी म्या खराब केली."

तिने स्टिकर परत माझ्या हातात दिला.

"पोरीले तुमीच सांगा," म्हणाली, आणि तिथूनच पुतणीला हाक मारली.