भरल्या मांडवातली साक्ष

निलंग्याच्या खाली, कर्नाटकाच्या शिवेला चिकटलेल्या आमच्या गावात व्यंकटी नावाचा एक माणूस होता. त्याच्या तोंडाला दारू कधी लागली नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ते कुणी ऐकून घेत नाही.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता आणि पावसानं आमच्याकडं पाठ फिरवली होती. माणसं म्हणायची, "कलेक्टर जवळ आला अन् पाणी लांब गेलं." वस्तीतल्या आडात टँकर रिता झाला की घागरीवर घागर आपटायची, बाया एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. शेवटी बौद्धांच्या आणि ख्रिस्ती घरांनी मिळून व्यंकटीला आडावर उभं केलं. त्यानं जिच्याकडं बोट दाखवलं, तिनंच दोर सोडायचा. आपल्या बायकोची, सरजाबाईची घागर तो सगळ्यात शेवटी भरू द्यायचा. तिच्या वाट्याला बहुतेक गाळच यायचा. ती पाणी निवळेपर्यंत बसून राहायची, पण नवऱ्याला कधी बोलली नाही. त्या साली व्यंकटीजवळ मोठेपण होतं ते एवढंच, आडावर उभं राहण्याचं.

त्यांचा एकुलता एक मुलगा नरसिंग नांदेडला चर्चचा पाळक होण्यासाठी शास्त्र शिकत होता. पोरगा हुशार. वचनं पाठ, आवाज खणखणीत, प्रार्थनेला उभा राहिला की शब्द कमी पडत नसत. अडायचं ते एकाच ठिकाणी. दर शनिवारी तिथं पोरांनी साक्ष द्यायची असायची. देवानं तुला कशातून बाहेर काढलं, ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. एक पोरगा आधी चोऱ्या करायचा. एकाला नाग चावून तो वाचला होता. एकाच्या आईच्या अंगातलं भूत प्रार्थनेनं निघालं होतं. नरसिंगची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "आमच्या घरी रोज दिवेलागणीला प्रार्थना होती. बा करतो, माय करती, मीही करतो."

शिकवणारे किशनराव सर म्हणाले, "बरं. बस."

मागून एक पोरगा कुजबुजला, "ह्याला देवानं काढलं कशातून, गोधडीतून?" सगळे फिसकन हसले.

उन्हाळ्यात गावोगाव सुवार्ता सांगायला एक टोळी निघायची. तिच्यात साक्ष जोरदार असलेलीच पोरं घ्यायचे. नरसिंगला फार जायचं होतं. पुढच्या शनिवारी तो उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "माझा बाप आधी थोडी घेत होता."

सरांचा चेहरा उजळला. "अरे, मग हे आधी का नाही सांगितलंस?"

ती थोडी पुढं थोडी राहिली नाही. तो टोळीत गेला, आणि भोकरला ती बाटली झाली. अर्धापूरला, केळीच्या बागांच्या कडेला घातलेल्या मांडवात, बापानं मायचं डोकं चौकटीवर आपटलं. सरजाबाईच्या कपाळावर जखमेचा वण होता हे खरं. पण तो, वैरणीचा भारा घेऊन ती बांधावर पडली तेव्हाचा. नरसिंग सांगायचा, बाया पदर डोळ्यांना लावायच्या, आणि त्याच्या अंगावर काटा यायचा. त्याला वाटायचं, हे रडणं देवाच्याच कामाला येतंय. आणि गाव कुठं, अर्धापूर कुठं.

मग उदगीरकडे मंडळीची जत्रा भरली. चहूकडची ख्रिस्ती माणसं बैलगाड्या आणि यष्ट्यांनी येऊन माळावर उतरली. आपला लेक बोलणार हे व्यंकटीला कुणीतरी सांगितलं. शेजारच्या साहेबरावाला एक दिवस आड सांभाळायला लावून तो फडक्यात भाकरी बांधून निघाला. लेकाला कळवलं नाही. भेटल्यावर त्याचं तोंड बघायचं होतं.

नरसिंगनं सगळं सांगितलं. बाटली, चौकट, मायचं रक्त. आणि एका रात्री बाप गुडघ्यावर आला ते. मांडव हुंदके देत होता. किशनराव सर पुढं झाले आणि म्हणाले, "हा बदललेला बाप आज आपल्यात असेल तर त्यानं उभं राहावं!"

नरसिंग मनात हसला; त्याच्या लेखी बा गावाकडं आडावर होता. तेवढ्यात गर्दीत त्याला न दिसलेली आमच्या वस्तीतली माणसं मागच्या बाजूला वळून बघायला लागली. तिथं, बांबूला टेकून, बा बसला होता. मांडीवर भाकरीचं फडकं.

बापानं एक शब्द उच्चारला असता तर लेकाचं शिक्षण तिथंच संपलं असतं. व्यंकटीनं लेकाकडं पाहिलं. भाकरीचं फडकं बाजूला ठेवलं. मग गुडघ्यावर हात देऊन उठला आणि हात जोडले. मांडव टाळ्यांनी दणाणला.

मांडवामागं नरसिंग बापाच्या पाया पडला. "बा, तुम्ही कामून उभे राह्यलात?"

"तू तिथं एकटाच उभा होतास," व्यंकटी म्हणाला. "भाकर खा."

गोष्ट गावात बापाच्या आधी पोचली. साहेबराव मिशीत हसत म्हणाला, "व्यंकटीमामा, आमच्या संगं कधी बसला न्हाईत. एकटेच पीत होता व्हय? लई चिकट बघा तुम्ही!" व्यंकटीही हसला. पण पुढच्या टँकरला पाळीवरून भांडण लागलं तेव्हा केवळाबाई घागर आपटून बोलली, "जा रं, बायकोचं डोस्कं फोडणाऱ्यानं आमाला न्याव शिकवू नये!" व्यंकटीनं हातातला दोर काठावर ठेवला आणि घरी आला. पुन्हा त्या आडावर उभा राहिला नाही.

नरसिंग सुट्टीला आला तेव्हा सरजाबाईनं त्याला वाढलं, पण त्याच्याशी बोलली नाही. फक्त एकदा वणावर बोट ठेवून म्हणाली, "बाया इचारतात, इथंच मारलं का. काय सांगू त्यांना?"

त्या वर्षी वर्गात नोहाची गोष्ट शिकवायला आली. बाप द्राक्षारस पिऊन उघडा पडला. एका लेकानं ते बाहेर जाऊन सांगितलं. दुसरे दोघं पाठमोरे चालत गेले आणि बापाला पांघरूण घातलं. नरसिंगला वाटलं, त्या सांगणाऱ्यानं निदान खरं तरी सांगितलं होतं. माझा बाप पिलाही न्हाई आणि उघडा पडलाही न्हाई. मीच त्याचे कपडे फेडले. त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागेना. त्यानं ठरवलं, त्याच जत्रेत, त्याच मांडवात खरं बोलायचं. पाळकपण जाईल तर जावो.

पुढच्या जत्रेत त्याची पाळकपणाची दीक्षा होती. माय-बाप पुढंच बसले होते. नरसिंग उठला आणि म्हणाला, "मी खोटं बोललो. माझ्या बानं कधी दारूला हात लावला न्हाई. मायवर कधी हात उगारला न्हाई. मला पुढं यायचं होतं म्हणून मी ते रचलं."

मग किशनराव सर उठले. त्यांचे डोळे भरले होते. "बघा, मंडळी! नोहाची लेकरं अशीच पाठमोरी चालत गेली होती. बापाची लाज झाकायला हा लेक आज स्वतःवर खोटेपणा घेतोय. असा पाळक शोधून मिळायचा नाही!"

"न्हाई, सर. खरंच सांगून राहिलो..." नरसिंग म्हणाला. पण गाणं सुरू झालं होतं, डफ वाजत होता आणि माणसं गेल्या वर्षीपेक्षा जास्त रडत होती. सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो गुडघ्यावर आला, कारण उभं राहवत नव्हतं.

बाहेर आल्यावर सरजाबाई त्याच्याजवळ आली. "मी ऐकलं," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

कडुनिंबाखाली शेजारच्या गावचा गुरुलिंग ताटकळत होता. दारूनं डोळे तारवटलेल्या भावाचं मनगट त्यानं घट्ट धरलं होतं. व्यंकटीला बघून तो पुढं आला. "मामा, तुमचं नाव ऐकून आलो. ह्याला सांगा जरा. तुम्ही कशी सोडली?"

नरसिंगनं तोंड उघडलं. व्यंकटीनं हातानंच त्याला थांबवलं. त्या भावाला शेजारी बसवून घेतलं, तांब्यातलं पाणी त्याच्या ओंजळीत ओतलं.

"लाजेनं," मग व्यंकटी म्हणाला. "एकदा भरल्या मांडवात लाज वाटली. तवापासून."

तो दारुडा मान खाली घालून ऐकत होता. मागं उभा असलेला नवा पाळकही.