काळ्या दोऱ्याचा डाग

घोडीचा पुढचा उजवा पाय लाकडी ठोकळ्यावर ठेवला होता आणि एक्स-रेची प्लेट मी दांडीनं धरून उभा होतो. अंगात शिशाचा एप्रन. लई जड असतो, पण तो घातल्याशिवाय मॅडम मशीनला हात लावत नाहीत. एक क्लिक झालं की प्लेट फिरवायची, परत क्लिक. एका सांध्याचे चार बाजूंनी चार फोटो. एकाच बाजूनं काढला तर हाडामागं हाड लपतं.

"नाना, हलू देऊ नका."

"घोडी न्हाई हालत, मॅडम. माझंच हात हालत्यात."

मी जन्मभर जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. ड्रेसर म्हणजे जनावर धरायचं, जखम धुवायची, पट्टी बांधायची. शिक्षण सातवी नापास. रिटायर झालो, आणि घोडेगावात या डॉक्टर मॅडमनी स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. घोडं धरणारा माणूस त्यांना मिळेना, म्हणून मला बोलावलं. तेव्हापासून जातो.

घोडी जुन्नरच्या अब्बासभाईंची. नाव पाखरी. आमच्याकडं बैलगाड्याच्या शर्यतीत बैलांच्या पुढं घोडी पळवतात. ती पुढं आणि बैल तिच्या मागं. पाखरी शर्यतीला पळायची आणि लगीनसराईत वरातीला चालायची. अब्बासभाईंचं घर तिच्यावरच चालायचं. एका शर्यतीत पळताना पाय मुरगळला. खुराच्या वरचा घोट्याचा सांधा सुजला आणि ती पाय टेकेना.

मॅडमनी फोटो लॅपटॉपवर लावला आणि अब्बासभाईंना जवळ बोलावलं.

"हे बघा. सांध्याच्या पुढच्या कडेचा तांदळाएवढा तुकडा निखळलाय. जुना आहे. आता परत मार बसलाय."

"म्हंजे पळायची न्हाई?"

"पळायची नाही. कधीच नाही. पण विश्रांती दिली तर वरातीला चालेल."

अब्बासभाईंनी घोडीच्या मानेवर हात ठेवला. "चालली तरी लई झालं, मॅडम. उभी राहू द्या नुसती."

मग मॅडमनी रक्ताचा रिपोर्ट काढला. रक्त आदल्या दिवशीच घेतलं होतं. त्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या. या पेशी म्हणजे अंगातले शिपाई. कुठं काही पेटलं की वाढतात. पण कुठं पेटलंय ते रक्त सांगत नाही. एक्स-रे फक्त हाड दाखवतो, पू दाखवत नाही. सांध्यात पू झालाय का, हे बघायचं तर सुई घालून आतलं पाणी काढावं लागतं.

मी घोट्यावरचे केस मशीननं काढले. खाली कातडी काळी निघाली. कोरडी, काळीभोर, बोटभर पट्टा.

"नाना, हे काय आहे? काही लावलंय का इथं?"

अब्बासभाईंनी माझ्याकडं बघितलं.

तो बिब्बा होता. बिब्ब्याचं गरम तेल सुजेवर लावायची आमची जुनी रीत. अब्बासभाईंनी चार दिवसांपूर्वी मला फोन केला होता, "गेनूभाऊ, सुजेवर काय लावू?" माझी बायको, पारू, जाऊन तेव्हा वीस दिवस झाले होते. घरात पाहुणे बसलेले, मी भिंतीकडं बघत बसलेलो. फोनवर म्हणालो, "अब्बासभाई, डॉक्टर कशाला? बिब्बा लाव. दोनदा लाव." इतक्या दिवसांत कुणीतरी मला कामाचं काही विचारलं, त्याचंच बरं वाटलं. पारू असती तर चुलीपाशी बसूनच ओरडली असती, "तुमी डॉक्टर हाय का वं? जनावर धरायचं काम तुमचं, तेवढंच करा." ती नव्हती.

बिब्ब्यानं कातडी आतून पोळते. वरून कोरडी दिसते आणि आठेक दिवसांनी सुटते. हे मला माहीत होतं. रक्तातल्या पेशीही त्यानंच वाढल्या असतील, हेही तिथं उभ्या उभ्या कळलं. पण मॅडमना कळलं की मी त्यांच्या मागं डॉक्टरकी करतो, तर त्या मला घरी बसवतील. आणि घरी काय होतं?

म्हणालो, "काळ्या दोऱ्याचा डाग हाय, मॅडम. नजरंचा दोरा बांधत्यात ना पायाला. जुना हाय."

अब्बासभाई खाली बघत राहिले. मॅडमनी आयोडिननं जागा धुतली आणि सुई घातली.

पाणी पिवळं, स्वच्छ आलं. बोटावर घेतलं तर तार धरत होतं. चांगल्या सांध्याचं पाणी असंच असतं. "पू नाही," मॅडम म्हणाल्या आणि हसल्या. अब्बासभाईंनी वर हात केले. मी एप्रन काढून खुंटीला लावला.

चौथ्या दिवशी अब्बासभाईंचा फोन आला. आम्ही जुन्नरला गेलो. पाखरी तीन पायांवर उभी, घामानं भिजलेली. घोट्यावरची कातडी सालीसारखी सुटली होती. मॅडमनी परत रक्त घेतलं. पेशी आधीपेक्षा कितीतरी वाढल्या होत्या. या वेळी सांध्यातलं पाणी ताकासारखं आलं. आधी स्वच्छ असलेल्या सांध्यात पोळलेल्या कातडीतली घाण सुईच्या वाटेनं गेली होती.

"हा दोऱ्याचा डाग नाही," मॅडम म्हणाल्या. "पोळलेली कातडी आहे. काय लावलं होतं?"

"बिब्बा," अब्बासभाई म्हणाले. "मीच लावला, मॅडम. माझीच अक्कल."

तो माणूस माझी चूक अंगावर घेत होता. घोडी त्याची, दारात उभी.

मी म्हणालो, "न्हाई मॅडम. लावायला मी सांगितलं व्हतं. आन तुमी इचारलं तवा खोटं मीच बोललो."

मॅडम म्हणाल्या, "नाना, बिब्बा कळला असता तर मी सुई घातलीच नसती. आठवडाभर थांबले असते."

सांधा दोनदा धुतला. इंजेक्शनं दिली. काही उपयोग झाला नाही. घोडं तीन पायांवर फार दिवस राहत नाही, दुसरा पायही जातो. नवव्या दिवशी पाखरी बसली ती उठलीच नाही. अब्बासभाईंनीच सांगितलं, "सोडवा तिला." मॅडमनी शेवटचं इंजेक्शन दिलं. डोकं मी धरलं होतं.

जाताना मी अब्बासभाईंच्या पुढं उभा राहिलो. ते म्हणाले, "गेनूभाऊ, वहिनी नुकत्याच गेल्या, तुमचं ध्यान नव्हतं." मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

या कामात मी इतकंच शिकलो की रक्त आणि एक्स-रे दोन्ही खरं तेवढंच सांगतात, पण अर्धंच. उरलेलं अर्धं जनावराजवळच्या माणसानं सांगायचं असतं. मी ते सांगितलं नाही.

मॅडमनी मला काढलं नाही. अजून जनावरं मीच धरतो. फक्त आता तपासणीआधी त्या मालकाला विचारतात, "काय लावलं? कुणाच्या सांगण्यावरून लावलं?" आणि ते विचारताना मला म्हणतात, "नाना, तुम्ही जरा बाहेर थांबा."

मी बाहेर थांबतो.