गिरीजचं अर्धं बावखल

नाशिकहून सकाळची एसटी धरली तेव्हा मांडीवर द्राक्षांची पेटी होती आणि मनात वसईजवळच्या गिरीजमधलं एक बावखल (वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं). तरुणपणी मी तिथल्या शाळेत जीवशास्त्र शिकवत होते आणि इनासबाबांच्या वाडीत भाड्याने राहत होते. आता पंचवीस वर्षांनी निघाले होते.

वसई स्टेशनवरून रिक्षा केली. वळणावरची चिंच शोधत राहिले, ती आता नव्हतीच. गल्ली मागे राहिली आणि पेटी सावरत उलट चालावं लागलं. केळीच्या बागा लागल्यावर मात्र कुणाला विचारावं लागलं नाही.

इनासबाबा ऐंशीच्या पुढे गेलेत. घरात ते आपल्या बोलीत बोलतात, माझ्याशी अजूनही जपून, शाळेतली मराठी. त्यांच्या मुलीने, मार्थाने, सुकेळी (वाळवलेली राजेळी केळी) पुढे ठेवली. एक तोंडात टाकून मी मागच्या बाजूला गेले.

बावखल अर्धंच उरलं होतं. पलीकडचा भाग बाबांच्या भावाचा. तिथे भराव घालून इमारत उभी होती.

मी राहायला आले त्या वर्षी बाबांनी दिवडं (बिनविषारी पाणसाप) दिसतील तशी मारली होती. पुढच्या वर्षी बेडकांनी पाणी झाकून टाकलं. डास कमी झाले म्हणून सगळे खूश. मग किडे पुरेनात. बेडूक खंगले, मेलेले काठाला लागू लागले, पाण्याला वास सुटला. या पाण्यात जेवढ्यांचं पोट भरेल तेवढेच जगणार, असं मी बाबांना समजावलं होतं. त्यांनी काठी ठेवून दिली. हळूहळू दिवडं परतली. बेडूक कमी, पण चांगले गुबगुबीत दिसू लागले.

आता पाण्यावर बेडकांची सात-आठ डोकी होती. दिवड एकही नाही.

"बाई, मी तेव्हापासून कुणालाच मारलं नाही," बाबा म्हणाले. "मग बेडूक पहिल्यासारखे का होत नाहीत?"

"अर्ध्या पाण्यात अर्धेच मावणार, बाबा. हे उरलेलं गेलं तर तेही नाहीत."

मार्थाने मला बाजूला घेऊन सांगितलं, की तिचा भाऊ, बाबांचा मुलगा, बोळिंजला दोन खोल्यांत राहतो, त्याला बायकामुलांसह परत यायचंय, आणि उरलेलं बावखल बुजवून तिथेच घर बांधायचं ठरलंय. नातवंडं घरी येण्याची बाबा कितीतरी वर्षं वाट पाहत होते. मी बोलले नसते तर बरं झालं असतं, असं वाटलं. दुपारी बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. कुणाचंच जेवणात लक्ष नव्हतं.

संध्याकाळी मुलगा मोजपट्टी घेऊन आला. बाबांनी त्याला दुसऱ्या टोकाला, आठ माडांपाशी नेलं.

"घर इथे बांध."

"आणि माड?"

"माड मी लावलेत, ते तोडा म्हणायचा मला हक्क आहे. बावखल मी खणलेलं नाही."

मुलगा बराच वेळ वर झावळ्यांकडे पाहत राहिला. मग वाकून त्याने मोजायला सुरुवात केली.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. बाबांना नातवंडं मिळणार होती, बेडकांना उरलेलं पाणी. मी समाधानाने परतायला हवं होतं. पण त्याच माडांखाली बसून मी आठ वर्षं वह्या तपासल्या होत्या, आणि पुन्हा एकदा तिथे बसावं म्हणूनच एवढ्या लांबून गेले होते, हे मला गाडी कसारा घाटाला लागल्यावर कळलं.