डावी रांग

योगकेंद्राच्या फॉर्मवर ‘उच्च रक्तदाब’ या शब्दांपुढे मी ‘नाही’ असं लिहिलं आणि खाली झोकात सही ठोकली. एरवी मला खोटं पचत नाही, बायको चेहऱ्यावरूनच पकडते. पण त्या सकाळी त्याच टेबलाला टेकून आमच्या पाळीचे सुपरवायझर स्वतःचा फॉर्म भरत होते.

तारापूरच्या वसाहतीत एका केमिकल कारखान्यात मी ऑपरेटर. टाक्यांवर चढायचं, व्हॉल्व्ह फिरवायचे, नमुने काढून खाली आणायचे. वर्षाच्या तपासणीत कंपनीच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला आणि आकडा बघून तोंड वाकडं केलं. म्हणाले, “एकशे साठ. गोळ्या सुरू करा, दीड महिन्याने या. तोवर तपासणीचा हा कागद ऑफिसात न पाठवता माझ्याकडे ठेवतो. उतरलं नाही तर तुमचं वर चढणं बंद.” वर चढणं बंद म्हणजे माझ्यासारख्या कंत्राटी माणसाचं कामच बंद. खाली उभं राहायला माणसं ढीगभर मिळतात.

गोळ्यांची चिठ्ठी मी पाकिटात घडी घालून ठेवली. एकदा गोळी लागली की जन्मभर सुटत नाही, असं आमच्या पाळीत सगळेच छातीठोकपणे सांगतात. बायकोने मात्र सरावलीतल्या हॉलमध्ये चालणाऱ्या या केंद्राचं नाव काढलं. योग आणि ध्यान, सकाळी सहा ते सात. “अहो, गोळ्या नकोत तर हे तरी करा,” म्हणाली. चिठ्ठी पाकिटात आहे हे तिला माहीत होतं. फॉर्मवर काय लिहिलंय ते माहीत नव्हतं.

शिकवणाऱ्या बाई पालघरहून स्कूटरने यायच्या. आवाज मऊ, पण शिस्त कडक. त्यांचा एक नियम होता. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी डावीकडे, खिडकीजवळच्या रांगेत बसायचं आणि श्वास कोंडायचा नाही. बाकीच्यांनी श्वास घ्यायचा, थांबायचं, मग सोडायचा. म्हणजे कोणाला काय झालंय ते हॉलभर जाहीर. मी ऐटीत उजवीकडे बसलो. सुपरवायझर माझ्या पुढच्याच चटईवर.

थांबण्यात मला कोणी हरवू शकत नव्हतं. कारखान्यात वर्षानुवर्षं हेच घोटून घेतलेलं. गॅस गळल्याचा वास आला की आधी दम धरायचा, मग वर कापडी निशाणाकडे बघून वारा कुठून येतोय ते ओळखायचं, आणि वाऱ्याला आडवं निघायचं. बाई ‘थांबा’ म्हणाल्या की माझं अंग आपोआप पळायच्या तयारीत यायचं. डोळे मिटून शांत बसायच्या ऐवजी मी छताकडे निशाण शोधत असायचो. आणि अक्कल अशी, की जितका जास्त दम धरू तितका दाब लवकर उतरेल असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. मनात आकडे मोजायचो. चाळीस. पन्नास. कानात ठणके बसायचे, ते मी प्रगती म्हणून धरायचो.

डाव्या रांगेत एक म्हातारी बसायची. दातिवऱ्याची, होडीवाल्या घरातली, आता लेकाकडे सरावलीत राहायला आलेली. एकदा चपला घालताना तिने मला हटकलं. “दादा, तुमी शांत बसायला येता का दम कोंडायला? तोंड लालभडक व्हतं तुमचं. आमच्या रांगेत या ना.”

“मला काही झालेलं नाही,” मी खेकसलो.

“नाय तर नाय,” ती म्हणाली.

तिचा मला इतका राग आला की दिवसभर डोक्यातून गेला नाही. खरं तर राग नव्हता, धास्ती होती. हिला दिसतं तर सुपरवायझरना का दिसणार नाही?

डॉक्टरांकडे शनिवारी जायचं होतं. गुरुवारी बाई म्हणाल्या, “आज जमेल तेवढंच थांबा.” एकेकाचा श्वास सुटल्याचा आवाज येत गेला. सुपरवायझरचाही सुटला. मी मोजत राहिलो. साठ. सत्तर. पुढचा आकडा मला आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा डोकं सुपरवायझरच्या मांडीवर होतं, दंडाला बाईंचं यंत्र आवळलेलं. “एकशे ऐंशी,” बाई मोठ्याने वाचून गेल्या आणि मग सगळ्यांकडे बघून ओशाळल्या. म्हातारी माझे तळपाय चोळत होती. त्याचीच मला जास्त लाज वाटली.

सुपरवायझरनी मला मोटारसायकलवर मागे बसवलं. मला वाटलं घरी सोडतील, पण त्यांनी गाडी थेट कारखान्याच्या फाटकाशी, डॉक्टरांच्या खोलीसमोर उभी केली. मी उतरलो आणि त्यांचा हात धरला.

“साहेब, शनिवारपर्यंत थांबा. दोन दिवसांत उतरवतो. आज चक्कर आली, उपाशीपोटी होतो म्हणून.”

“आज वर चढायचं नाहीस.”

“माझं काम जाईल, साहेब. तुम्ही बघितलंच नाही असं समजा.”

त्यांनी गाडी बंद केली. त्यांना चिडलेलं मी पुष्कळदा पाहिलंय, पण तेव्हा ते चिडले नव्हते. “ठीक आहे, नाही बघितलं,” ते म्हणाले. “फक्त एक कर. तू टाकीवरून खाली आलास, तर तुझ्या घरी जाऊन तुझ्या बायकोला मी काय सांगायचं, ते मला आत्ता सांग. मी पाठ करून ठेवतो.”

मी तोंड उघडलं. खरंच सांगायला लागलो होतो, ‘वहिनी’ इथपर्यंत शब्द आला आणि समोर ती दार उघडताना दिसली. फाटकावरचा पहारेकरी बघत होता, तरी मी लहान पोरासारखा रडलो.

मग शर्टाची बाही वर सारत आत गेलो. डॉक्टर पट्टा शोधत होते. त्यांना तो सापडायच्या आत मीच म्हणालो, “जास्त आहे. गोळी मी एकही घेतलेली नाही. तो कागद आजच पाठवून द्या.”