वाळूच्या पोत्यांनंतरचा पहिला प्रवासी

हिंजवडीतली सॉफ्टवेअरची नोकरी सोडून मी प्रवासी बोटी बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत गेले, तेव्हा शनिवार पेठेतले आमचे घरमालक काका एवढंच म्हणाले, "पुण्यात बोट? वा! समुद्र कधी येतोय?"

आमची बोट विजेवर चालायची. डिझेल नाही, धूर नाही. तळाला विमानासारखे पंख. वेग आला की बोट पाण्याच्या वर उचलली जाणार आणि फक्त पंख पाण्यात राहणार. निदान आमचा तसा दावा होता. उंची सांभाळणारा प्रोग्राम माझा होता, आणि सुरुवातीचे कित्येक महिने त्याने बोटीला धरणाच्या पाण्यावर बेडकासारखं नाचवलं. प्रवासी म्हणून आम्ही वाळूची पोती ठेवायचो. ती तक्रार करत नसत.

शेवटी बोट नीट चालायला लागली, तशा कंपनीच्या मालकीणबाई म्हणाल्या, "आता माणसं बसवू." मी घरी हे सांगितलं, तर काका दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून धरणावर हजर!

वेग वाढला. बोट उचलली गेली आणि लाटांचे धक्के एकदम थांबले. काका कठड्यावरून वाकून खालचे पंख बघू लागले.

तेवढ्यात पंखात जलपर्णी अडकली. बोट धपकन खाली बसली आणि उसळलेलं पाणी थेट काकांच्या अंगावर आलं.

"लागलं का हो?" बाईंनी घाबरून विचारलं.

"लागलं नाही, भिजलोय." काकांनी चष्मा पुसला. "पोती काय म्हणायची अशा वेळी?"

"काका, सॉरी. आपण परत जाऊ या," मी म्हणाले.

"परत कशाला? दुपारची झोप मोडून आलोय मी. ते गवत काढा आणि पुन्हा उचला."

मी पालथी पडून, खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून जलपर्णी उपसली. बोट पुन्हा उचलली गेली, ती पलीकडच्या काठापर्यंत.

पुढे आम्ही पंखांना गवत कापणारी पाती बसवली आणि बोट कोकणातल्या एका खाडीवर रुजू झाली. पहिल्या फेरीला माझ्या शेजारी मासळीची पाटी घेतलेल्या एक मावशी होत्या. पाणी खाली जाताना पाहून त्या दचकल्या.

"अगो बाय, ही वर चालली काय?"

"थोडीशीच, मावशी."

"मग आधी सांगायचं ना!" त्यांनी माझं मनगट करकचून धरलं आणि पलीकडचा धक्का येईपर्यंत सोडलं नाही.