बाभळीची गाठ

जळगावच्या प्रदर्शनात मांडलेल्या या लाकडी वाडग्याला थिनरचा भपकारा येतोय. भेगांत पुट्टी, वर लाल रंगाचा फवारा. म्हणे हस्तकला.

एकदा धरणगावच्या करीमचाचांच्या खरादावर, लाकूड कातायच्या यंत्रावर, असाच वाडगा फिरत होता, गाठाळ बाभळीचा. लाखेची कांडी टेकवली की घासूनच वितळायची, लाकडावर रंग चढायचा आणि गोडसर जळका वास सुटायचा. गाठीपाशी भेग पडली. कलाशाळा नुकतीच संपवलेला मी शहाणपणानं म्हणालो, "पुट्टी भरा, कोण बघतंय?"

चाचांनी खराद थांबवला. "भाऊ, गाठ झाकायचीच होती, तर बाभूळ कशाला आणली?" त्यांनी भेगेतही लाखच भरली, गाठ दिसतीच ठेवली.

अडाणी म्हातारा, असं म्हणत मी हसलो होतो.

"हातानं केलाय का?" गिऱ्हाईक विचारतंय.

"शंभर टक्के," मी म्हणतो. स्टॉल माझाच आहे.