एबेनेझर बेकरीची भवानी

आता कसं सांगू आणि कुठून सांगू! आधी तो कप खाली ठेवा बघू. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना आमच्या मेहुण्याच्या नाकातून चहा आला होता, आणि सासूबाई त्याचा दोष अजून मलाच देतात. मी फोडणी घालून सांगतो असं लोक म्हणतात. म्हणू द्या! यातली सगळी फोडणी काढून टाकली तरी खाली जो गाढवपणा उरतो तो अस्सल आहे. आणि माझाच आहे.

तर नसरापूरला आमची छोटी बेकरी. पुढं दुकान, मागं भट्टी. नाव ‘एबेनेझर बेकरी’. एबेनेझर म्हणजे आठवणीसाठी उभा केलेला धोंडा. देवानं इथवर निभावून नेलं हे विसरू नये म्हणून जुन्या काळी कुणीतरी उभा केलेला. आम्हा ख्रिस्ती लोकांना हे नाव फार प्रिय. पण गावाला वाटलं, हे मालकाचं नाव! झालं. त्या दिवसापासून मी याकोबचा एबेनेझरशेठ झालो. एकदा वर्गणी मागायला आलेली पोरं तर मला विचारत होती, “तुमचं वडील, एबेनेझरअण्णा, कुठं हायेत?”

बेकरी मी आणि माझी बायको रूथ, दोघांनी मिळून काढली. तिनं चांगलं चाललेलं शिवणकाम सोडलं त्यासाठी. सासरवाडीचं मत स्पष्ट होतं: “जावई गप्पा मारील, पाव जळतील, सहा महिन्यांत दुकानाला कुलूप.” म्हणून मी कंबर कसली होती. भट्टी पेटवायच्या आधी दोघांनी प्रार्थना करायची. कालचा पाव आजचा म्हणून विकायचा नाही. रविवारी दुकान बंद, मग रस्त्यावरून राजगडाकडं जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली तरी बंद. धंदा हीच देवाची सेवा, असं आमचं ठरलेलं.

समोर गुलाबभाईंचं गॅरेज. ते म्हणायचे, “शेठ, तुमी धंदा करता का उपास?”

इथवर ठीक होतं हो. पण आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कापणीच्या सणाची उपासना झाली, आणि पाळकसाहेबांनी प्रवचन केलं पहिल्या पिकावर. शेतातलं पहिलं कणीस देवाचं, गोठ्यातलं पहिलं वासरू देवाचं. सगळे मुकाट्यानं माना डोलावत होते. माणसानं तेवढंच करावं! पण मला गप्प बसता येत नाही, हा जुना आजार. मी उभाच राहिलो.

“पाळकसाहेब, उद्यापासून माझ्या दुकानातली दिवसाची पहिली विक्री देवाची! जो पहिला येईल त्याला फुकट! वर्षभर!”

सगळी मंडळी म्हणाली, “आमेन!” रूथनं मागून माझा सदरा ओढला, पण तो ‘वर्षभर’च्या नंतर. खरं तर आधी ओढायला हवा होता.

घरी जाताना ती एवढंच म्हणाली, “मला आधी विचारलं असतंत, तर एक गोष्ट सांगितली असती.”

“कुठली?”

“आता उद्या कळेलच.”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता विंझरहून दुधाचे कॅन घेऊन तानाजीराव आले. माझं रोजचं पहिलं गिऱ्हाईक. लादीपाव घेतला, खिशात हात घातला.

मी छाती फुगवून म्हणालो, “राहू द्या! आज पैसे नकोत.”

“का? माझं काय चुकलं का शेठ?”

“चुकलं कसलं! पहिलं गिऱ्हाईक देवाचं.”

तानाजीरावांचा चेहरा त्यांच्या दुधासारखा झाला. (पाणी घातलेल्या दुधासारखा नव्हे, चांगल्या.) त्यांनी ती लादी विस्तवासारखी परत ठेवली. “भवानीच्या टायमाला फुकट? दिवसभराच्या धंद्याचं वाटोळं करून पाप माज्या डोक्यावर घालता व्हय?” असं म्हणाले आणि पाव न घेताच गेले!

तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडं दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. तेव्हा कुणी घासाघीस करत नाही, उधार मागत नाही. दुकानदार पहिली नोट कपाळाला लावतो आणि मगच गल्ल्यात टाकतो. त्या वेळी जो फुकट नेईल त्यानं त्या दुकानाची अख्ख्या दिवसाची बरकत नेली. हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं! फक्त मंडळीत उभा राहिलो तेव्हा आठवलं नाही.

बरं, एक गिऱ्हाईक गेलं तर गेलं. दुसरं आलं. पण पहिल्यानं घेतलंच नाही म्हटल्यावर दुसरं कोण? पहिलंच! तेही पळालं. तिसरं आलं, तेही पहिलंच! अहो, त्या दिवशी माझ्याकडं दुसरं गिऱ्हाईक आलंच नाही. जो येईल तो पहिला!

एसटीच्या थांब्याशी पालेभाजी विकणाऱ्या सोनाबाई आल्या. एकट्या राहतात. खरं सांगायचं तर मी बोललो तेव्हा त्याच डोळ्यांपुढं होत्या. म्हटलं, “आजी, घ्या.”

“आन् समद्या गावानं म्हनायचं का, सोनीनं शेठचं दुकान बसवलं? न्हाई बाबा. माजी भाकर हाय घरी.”

दुपारपर्यंत गुलाबभाईंच्या पत्र्याखाली ही गर्दी! सगळ्यांना पाव हवा होता, पण पहिलं कुणालाच व्हायचं नव्हतं. तिकडूनच ओरडायचे, “शेठ, भवानी झाली का?”

“नाही अजून!”

“मग झाली की हाळी द्या!”

गुलाबभाई हळूच येऊन म्हणाले, “अवो, झाली म्हना की. कोन बघतंय?”

खोटं बोलू? मी? हसू नका. गप्पांत मारतो ती थाप वेगळी आणि गल्ल्यावर बोलतो ते खोटं वेगळं. हा आम्हा नवराबायकोतला करार आहे.

“मग तुम्हीच व्हा पहिले,” मी म्हणालो. “तुम्ही कुठं भवानी मानता?”

“वा! मी बी दुकानदार हाय शेठ. भवानी सगळ्यांचीच असती.” आणि चालू लागले.

तेवढ्यात राजगडाकडं निघालेली पुण्याची गाडी थांबली. गॉगलवाले गृहस्थ उतरले. म्हटलं, प्रभूनंच धाडलं! यांना कसली भवानी नि कसलं काय.

“फुकट? मुदत संपलीय का?”

“नाही हो, आत्ता काढलाय भट्टीतून. हात लावून बघा.”

“मग कॅमेरा कुठंय?” असं म्हणून त्यांनी छताकडं बघत केस नीट केले, आणि कॅमेरा सापडेना तेव्हा “आम्ही असल्या स्कीममध्ये पडत नाही,” म्हणून निघून गेले.

मंगळवारी मी डोकं चालवलं. माझं डोकं चाललं की रूथ देवाचं नाव घेते. दारातल्या कुत्र्याला पहिला पाव घातला आणि ओरडलो, “झाली भवानी!”

समोरून गुलाबभाईंचा आवाज आला, “कुत्र्यानं केली व्हय? मग आज तर कोन यायचंच न्हाई!” आणि खरंच कुणी आलं नाही. कुत्रा मात्र नियमित येऊ लागला.

आता गावाला प्रश्न पडला, हा माणूस असं करतोय का? सकाळी ठरलं, दुकान विकायला काढलंय. संध्याकाळपर्यंत ठरलं, एबेनेझरशेठपुढं डॉक्टरांनी हात टेकलेत, म्हणून शेवटचा दानधर्म चाललाय! तानाजीराव डोळे पुसत दुधाचा अख्खा कॅन घेऊन आले.

“प्या शेठ. अंगात ताकद यील.”

“अहो, पैसे तरी घ्या!”

“आजारी मानसाकडनं पैसं? कसाई हाय का म्या?”

“मग हा पाव तरी घेऊन जा.”

“भवानी झाली का?”

“नाही.”

“मग कसा घिऊ!”

मला फुकट दूध चाललं, माझा फुकट पाव चालेना! आत ट्रेवर ट्रे पाव गार पडलेला. रूथ शिवणयंत्रावरची धूळ पुसत होती. सासरवाडीनं सहा महिने दिले होते, मी दोन दिवसांत उरकत आणलं होतं.

बुधवारी सकाळी स्कूटरवरून पाळकसाहेब आले. “याकोब, म्हटलं तुझ्या विश्वासाची साक्ष डोळ्यांनी बघावी!”

मी मनातल्या मनात स्तोत्र म्हटलं. भवानी मोडायला याहून योग्य माणूस कुठला? समोर पत्र्याखाली सगळं गाव माना उंचावून उभं. मी दोन्ही हातांनी गरम लादी पुढं केली. पाळकसाहेबांनी घेतली, वास घेतला, प्रसन्न हसले. आणि त्यांचा उजवा हात खिशात गेला.

“हे घे.”

“पाळकसाहेब! पहिलं देवाचं!”

“ते आहेच रे. पण भवानीच्या वेळी फुकट... म्हणजे, मी मानत नाही. अजिबात मानत नाही. पण उगीच कशाला?”

आणि लादी परत माझ्या हातात! पलीकडून आवाज आला, “बघा, पाद्रीबाबा बी भितात!”

संपलं, म्हटलं. आता शिवणयंत्राला तेल घालायचं.

तेवढ्यात मागच्या दारानं रूथ बाहेर पडली. कोपरापर्यंत मैदा. दुकानाला वळसा घालून समोर आली, पाळकसाहेबांच्या शेजारी गिऱ्हाईक म्हणून उभी राहिली.

“शेठ, एक लादी द्या.”

“अगं, तू काय...”

“गिऱ्हाईकाला अगं म्हणता?”

पत्र्याखाली खसखस पिकली. मी लादी दिली. “पैसे?” माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

“पहिलं फुकट ना? मग?”

तानाजीराव कळवळून ओरडले, “वैनी, घिऊ नका! लागंल तुमाला!”

रूथ वळली. “भावजी, ह्यांच्याशी लग्न केलं तेव्हाच जे लागायचं ते लागलंय. त्यात एका लादीनं काय फरक पडतोय?”

असा हशा उसळला की पत्रा खडखडला! गुलाबभाई ओरडले, “झाली भवानी!” आणि सगळा जमाव दुकानावर तुटून पडला. पाळकसाहेबांनी स्वतः कागदात पाव बांधून दिले, हसू आवरत.

रूथ ती लादी घेऊन सोनाबाईंकडं गेली. “आजी, मला जास्त झालीय. अर्धी घ्या.” सोनाबाईंनी घेतली. वर मेथीची जुडी तिच्या हातात कोंबली. शेजारणीनं दिलेल्याला कसली आलीय भवानी?

“हेच सांगणार होते,” रूथ म्हणाली, “विचारलं असतंत तर.”

तेव्हापासून रोजचं पहिलं गिऱ्हाईक रूथ. दुकान जोरात आहे. इथं किस्सा संपायला हवा होता. मी इथंच संपवतो नेहमी. पण आज ती आत बसून ऐकतेय, तेव्हा पुढचंही सांगावं लागेल.

परवा आम्ही दोघं सकाळी कामासाठी भोरला गेलो, तिथं मीठ घ्यायला थांबलो. एका तरुण माणसानं नवीन किराणा दुकान टाकलेलं. मी पुडा उचलला, पैसे काढले.

तो म्हणाला, “ऱ्हाऊ द्या काका. तुमी पयलं गिऱ्हाईक. फुकट.”

मी पुडा असा खाली ठेवला, जसा काही त्यात विंचू होता! “डोकं फिरलंय का तुझं? भवानीच्या वेळी फुकट? ते पाप मी कुठं फेडू?”

“न्हाई ओ काका! नसरापूरला एक एबेनेझरशेठ हायेत, ते रोज पयलं फुकट देत्यात. लई श्रद्धेचा मानूस म्हनं. त्यांचं बघूनच म्या...”

“असतात असले येडे!” मी म्हणालो.

मागून रूथचा आवाज आला. “दादा, द्या तो पुडा. हेच ते एबेनेझरशेठ.”

पुडा घरी आला. पण ती तो फोडू देत नाही. भट्टीवरच्या फळीवर मधोमध उभा करून ठेवलाय. आठवण राहावी म्हणून.